पेरिओमध्ये एमडीएस: सीट निवडण्यापासून रिकॉलच्या वहीपर्यंत

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) इंटर्नशिपमध्ये पेरिओची, म्हणजे हिरड्यांच्या आजारांच्या विभागाची, पोस्टिंग आली की बहुतेक मुलं स्केलर (दात साफ करायचं हत्यार) हातात घेतात, सकाळभर एकामागून एक पेशंट काढतात आणि ‘हे साफसफाईचं डिपार्टमेंट’ एवढंच मत घेऊन बाहेर पडतात. मीही तसंच मत घेऊन बाहेर पडले होते. पुढे याच शाखेत एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करत तीन वर्षं घालवली, नंतर शिकवलं, आता प्रॅक्टिस करते. दर वर्षी निकालानंतर कुणाच्या तरी मुलाचा किंवा मुलीचा फोन येतोच: ‘मॅडम, पेरिओ मिळतंय, घेऊ का?’ फोनवर पाच मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी पंधरा दिवस ओपीडीत बसा

फॉर्म भरण्याआधी एक काम करा. तुमच्याच कॉलेजच्या पेरिओ विभागात परवानगी काढा आणि एका पेशंटचं पूर्ण चार्टिंग (हिरड्यांच्या मापांची नोंद) स्वतःच्या हाताने करा. एका दाताभोवती सहा जागा, २८ दात धरले तर १६८ नोंदी. प्रत्येक जागी प्रोब (मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई) हिरडी आणि दाताच्या फटीत हलकेच, साधारण २५ ग्रॅमच्या दाबाने, दाताच्या अक्षाला धरून न्यायचा, आकडा वाचायचा, रक्त आलं का बघायचं. मग हिरडी किती खाली सरकली ते मोजायचं, दात किती हलतो ते बघायचं, दाढांच्या मुळांच्या फाट्यात नेबर्स प्रोब शिरतो का ते तपासायचं. पहिल्यांदा तास-दीड तास सहज जातो.

शंभराव्या नोंदीलाही तुम्हाला ‘इथे ४ आणि शेजारी एकदम ८, असं का?’ हा प्रश्न पडत असेल तर ही शाखा तुमची आहे. नुसता कंटाळा आला तर ऑर्थो (दात सरळ करणं) किंवा एन्डो (रूट कॅनल) मिळेपर्यंत थांबलेलं बरं. ‘मिळालं म्हणून घेतलं’ म्हणून आलेल्यांपैकी काही जण पुढे या कामाच्या प्रेमात पडतात हे खरं आहे, पण त्या भरवशावर तीन वर्षं आणि घरचे लाखो रुपये लावू नका.

प्रवेश

भारतात हिरड्यांच्या आजारातला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचा मान्यताप्राप्त रस्ता म्हणजे तीन वर्षांचं पूर्णवेळ एमडीएस. शनिवार-रविवारचे लेसरचे किंवा इम्प्लांटचे कोर्स हात सुधारायला चांगले, पण त्यांच्या प्रमाणपत्रावर नावापुढे पेरिओडॉन्टिस्ट लावता येत नाही.

त्यासाठीची प्रवेश परीक्षा म्हणजे नीट-एमडीएस. २४० प्रश्न, तीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला उणे १. भाग अ मध्ये १०० प्रश्न पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पायाभूत विषयांचे, भाग ब मध्ये १४० प्रश्न क्लिनिकल विषयांचे. मुलं भाग ब वर जीव टाकतात आणि अॅनाटॉमी, फार्मा, मायक्रो सोडून देतात. पेरिओत यायचं असेल तर हे दुहेरी नुकसान आहे, कारण एमडीएसच्या पहिल्या वर्षाअखेर हेच विषय पुन्हा पुढ्यात येतात. एम्ससारख्या संस्थांची परीक्षा वेगळी असते, आयएनआय-सीईटी. तिथे कोणत्या शाखेच्या जागा आहेत ते त्या सत्राच्या माहितीपत्रकातच बघावं.

जागावाटपाची गंमत नीट समजून घ्या, इथे चांगले मार्क असलेली मुलंही चुकतात. शासकीय कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून जातात आणि त्यांचं समुपदेशन, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्या, दिल्लीची एमसीसी (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) करते. अभिमत विद्यापीठांच्या जागाही एमसीसीकडेच. राज्याच्या वाट्याच्या जागा आणि खाजगी कॉलेजं महाराष्ट्राच्या सीईटी सेलकडे. म्हणजे दोन वेगळ्या साइट, दोन वेगळी वेळापत्रकं, दोन वेगळ्या अनामत रकमा. एका फेरीत जागा स्वीकारली की दुसरीकडचा हक्क कधी जातो, हे त्या वर्षीच्या नियमांत शब्दन्‌शब्द वाचा. सीनियरने सांगितलेला गेल्या वर्षीचा नियम यंदा असेलच असं नाही. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, अभिमत विद्यापीठांची नाही. फरक मोठा असतो. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि दंत परिषदेची नोंदणी ही कागदं निकालाची वाट न बघता आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, सकाळी साडेदहाची ओपीडी बघा

हा लेख खरं तर या एका भागासाठी लिहायला घेतला. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई पालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं इथे फी कमी आणि पेशंट भरपूर, त्यामुळे यादीत ती वर असणारच. प्रश्न येतो त्यांच्याखालच्या निवडीचा. तिथे वेबसाइटवरचे फोटो काही सांगत नाहीत. एक दिवस सुट्टी काढा, एसटी पकडा, आणि कामाच्या दिवशी सकाळी न सांगता जाऊन पेरिओच्या ओपीडीबाहेर बसा.

बाकावर किती माणसं आहेत ते मोजा. त्यांतली किती नवी आणि किती पुन्हा आलेली, ते त्यांच्या हातातल्या केसपेपरवरून कळतं. कोपरे दुमडलेला, हळदीचे डाग पडलेला जुना केसपेपर घेऊन बसलेली मावशी दिसली की समजायचं, इथे पेशंट परत येतो. हिरड्यांचा आजार एका भेटीत बरा होत नाही. परत येणारा पेशंट नसेल तर तुम्ही तीन वर्षं फक्त सुरुवातच करत राहाल. उपचाराचा परिणाम, सहा महिन्यांनी काय झालं, वर्षाने हाड भरलं का, यातलं काही दिसणार नाही.

मग दुसऱ्या वर्षाच्या पीजीला (एमडीएसच्या विद्यार्थिनीला) गाठा, डिपार्टमेंटमध्ये नाही, चहाच्या टपरीवर. तिला हे विचारा. आतापर्यंत स्वतःच्या हाताने किती फ्लॅप (हिरडी उचलून आतून साफ करायची शस्त्रक्रिया) केले? मदतनीस म्हणून उभं राहिल्याचा आकडा वेगळा विचारा. हिरडीचं ग्राफ्टिंग केलं का, की फक्त सेमिनारमध्ये ऐकलं? इम्प्लांटचा खर्च कोण करतं? स्टायपेंड कागदावर किती आणि खात्यात किती येतो? मूळ कागदपत्रं कॉलेज ठेवून घेतं का? मध्येच जागा सोडली तर दंड किती? शासकीय जागा असेल तर सेवेचं बंधपत्र आहे का, किती वर्षांचं? आणि शेवटचा प्रश्न: सर शस्त्रक्रियेच्या वेळी शेजारी उभे राहतात का, की सही करून निघून जातात? या एका उत्तरासाठी मी शंभर किलोमीटर लांबचं कॉलेज निवडलं असतं.

सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आहे का, मायक्रोस्कोप आहे का, लेसर आहे का, हेही बघा, पण नंतर. कपाटात बंद असलेल्या लेसरपेक्षा रोज धार लावलेली क्युरेट (हिरडीखाली खरवडायचं हत्यार) जास्त शिकवते.

पहिले सहा महिने: हात बसवणं

पहिल्या दिवशी हातात विल्यम्स प्रोब येईल. त्यावर ४ आणि ६ च्या खुणा नसतात: १, २, ३, ५, ७, ८, ९, १०. ही रिकामी जागा डोळ्याने भरायची सवय पहिल्या आठवड्यात लागते. यूएनसी-१५ वर प्रत्येक मिलिमीटरची खूण आहे. संशोधनाच्या नोंदींना तो सोपा पडतो.

मग ग्रेसी क्युरेट. १-२ आणि ३-४ पुढच्या दातांना, ५-६ पुढचे दात आणि उपदाढांना, ७-८ आणि ९-१० दाढांच्या गालाकडच्या व जिभेकडच्या बाजूंना, ११-१२ दाढेच्या पुढच्या बाजूला, १३-१४ मागच्या बाजूला. आकडे पाठ होतात दोन दिवसांत. त्या आकड्याची कोणती धार काम करते आणि कोणती हिरडी फाडते, हे बोटांना कळायला दोन महिने लागतात.

धार लावणं कुणीही मन लावून शिकवत नाही, म्हणून इथे लिहिते. अर्कान्सास स्टोनवर तेलाचा एक थेंब. क्युरेट डाव्या हातात, कोपर टेबलाला टेकवून, पात्याचं टोक स्वतःकडे. पात्याची वरची सपाट बाजू जमिनीला समांतर करायची. ग्रेसीचं पातं ७० अंशांत कललेलं असल्याने त्यासाठी दांडा थोडा तिरका धरावा लागतो. मग स्टोन पात्याच्या बाजूला टेकवायचा, पातं आणि स्टोन यांच्यात १०० ते ११० अंश राहतील असा, आणि छोट्या खाली-वर फटक्यांनी टाचेकडून टोकाकडे यायचं. शेवटचा फटका नेहमी खाली. दिव्याखाली धरून बघा: बोथट धारेवर प्रकाशाची एक पांढरी रेघ चमकते, धार लागली की ती रेघ नाहीशी होते. प्लॅस्टिकच्या कांडीवर पातं टेकवलं की ते घसरलं नाही पाहिजे, चावलं पाहिजे. बोथट क्युरेटने टार्टर (दातावर साचलेला कडक थर) निघत नाही, नुसता गुळगुळीत होतो, आणि पेशंट सहा आठवड्यांनी तेवढंच रक्त घेऊन परत येतो. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं यासाठी ठेवा.

चिरा आणि टाके शिकायला बकऱ्याचा जबडा. खाटकाला सकाळी लवकर सांगून ठेवलं तर तो खालचा जबडा हिरडीसकट नीट काढून देतो. घरी फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर आईला आधी सांगा. त्यावर १५ नंबरच्या ब्लेडने आतली तिरकी चीर, मग दाताच्या कडेने दुसरी, हिरडी हाडापासून अखंड उचलणं, आणि परत जागेवर बसवून ५-० चे टाके. हिरडी फाटली तर फेकायची आणि दुसरी बाजू घ्यायची. माणसाच्या तोंडात फेकायला काही नसतं.

याच काळात प्रबंधाचा आराखडा द्यावा लागतो, म्हणजे सिनॉप्सिस. मुदत साधारण सहा महिन्यांची. विषय निवडताना एकच कसोटी लावा: हे पेशंट माझ्या ओपीडीत येतात का? सीनियरच्या प्रबंधातलं जेल बदलून तोच अभ्यास पुन्हा करायचा मोह होतो, आणि असे प्रबंध कपाटात धूळ खात पडतात. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायका आहेत, वर्षानुवर्षं शुगर न तपासलेले शेतकरी आहेत. त्यांच्या हिरड्यांचा नीट मोजमाप करून केलेला अभ्यास कुणालाही उपयोगी पडेल. उपचाराची चाचणी असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंदणी मागाहून होत नाही. पेशंट घेऊन झाल्यावर आठवण आली तर पुढे चांगलं जर्नल तो लेख उघडूनही बघत नाही.

निदान: दोन आकडे आणि एक बिडी

२०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं हिरड्यांच्या आजारांचं वर्गीकरण आता सगळीकडे चालतं. जुने ‘क्रॉनिक’ आणि ‘अॅग्रेसिव्ह’ हे शब्द गेले. आता स्टेज १ ते ४ सांगते आजार किती झाला, ग्रेड ए ते सी सांगते किती वेगाने झाला. नुसतं पाठ करू नका, एका माणसावर लावून बघा.

समजा ४२ वर्षांचे गृहस्थ आले. दिवसाला १५ बिड्या. हिरड्या बघाल तर गुलाबी, घट्ट, सूज नाही. इंटर्न ‘साधं स्केलिंग’ लिहून मोकळा होतो. प्रोब घाला: दाढेच्या पुढच्या बाजूला ८ मिलिमीटर आत जातो आणि रक्ताचा थेंब नाही. धूर ओढणाऱ्याच्या हिरडीत रक्तस्राव दबतो, म्हणून आजार लपतो. आधार तुटल्याचं माप ७ मिलिमीटर, म्हणजे ५ च्या वर. हिरडीच्या आजाराने पडलेले दात तीन, म्हणजे चारपर्यंत. चावण्याची घडी मोडलेली नाही. स्टेज ३. आता एक्स-रे: सर्वांत वाईट जागी हाड साधारण ६० टक्के गेलेलं. ६० भागिले वय ४२ म्हणजे १.४. एकच्या वर गेलं की ग्रेड सी. दिवसाला दहा सिगारेट किंवा त्याहून जास्त असलं तरी ग्रेड सीच, आणि मधुमेह्याचं एचबीए१सी ७ किंवा वर असलं तरी सीच. ३० टक्के किंवा जास्त दात बाधित असतील तर जनरलाइज्ड. झालं निदान, आणि त्यातच उपचाराची दिशाही आली: या माणसाची बिडी सुटल्याशिवाय ब्लेड काढायची नाही.

त्यांना समजावून सांगणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. ‘मशीनने साफ केलं की दात हलतात, फटी पडतात’ हे प्रत्येक ओपीडीत ऐकू येतं. रागावू नका. आरसा हातात द्या आणि दाखवा: फट टार्टरने भरली होती, टार्टरनेच दात एकमेकांना बांधून ठेवले होते, आणि त्याच टार्टरखाली हाड जात होतं. हे साध्या मराठीत दोन मिनिटांत सांगता येणं मला कुठल्याही सेमिनारइतकं मोलाचं वाटतं.

दुसरं वर्ष: शस्त्रक्रिया, आणि त्याआधी थांबणं

पहिल्या वर्षाअखेर भाग एकची परीक्षा होते, पायाभूत विषय आणि संशोधनपद्धती-संख्याशास्त्राची. ती सुटली की सगळ्यांचे डोळे सर्जरीच्या यादीकडे लागतात. माझेही लागले होते. लॉगबुकमध्ये आकडा भरायचा होता. एका बाईंचा फ्लॅप मी घाईने घेतला. त्यांचा प्लाकचा (दातांवरच्या जंतूंच्या थराचा) स्कोअर तेव्हा ५० टक्क्यांच्या पुढे होता. टाके सुंदर पडले, फोटो छान आले. तीन महिन्यांनी पॉकेट (हिरडी आणि दातामधली खोल फट) जिथल्या तिथे, आणि वर हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडलेली. त्या एवढंच म्हणाल्या, ‘डॉक्टर, थंड पाणी पिता येत नाही.’ ते वाक्य अजून कानात आहे.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी ब्रश, आंतरदंत ब्रश, तंबाखू, शुगर. मग हिरडीखालची सफाई. मग सहा ते बारा आठवडे थांबून पुन्हा पूर्ण चार्टिंग. ४ मिलिमीटरपर्यंत आलं आणि रक्त नाही, तर पेशंट देखभालीत जातो. ४-५ वर रक्त येत असेल तर पुन्हा सफाई. ६ किंवा वर राहिलं तर फ्लॅपचा विचार. या पुनर्तपासणीत तुमच्या निम्म्या ‘सर्जरी केसेस’ यादीतून निघून गेल्या तर वाईट वाटून घेऊ नका. ते तुमच्या क्युरेटचं यश आहे.

सर्जरी शिकण्याचा माझ्या मते योग्य क्रम असा: जिंजिव्हेक्टमी (वाढलेली हिरडी कापणं), मग पुढच्या दातांत साधा फ्लॅप, मग दाढांत, मग हाडाचे खड्डे भरणं, आणि सगळ्यांत शेवटी उघडं मूळ झाकण्याची प्लास्टिक सर्जरी. टाळूतून ग्राफ्ट काढताना हात थरथरतो तो ग्रेटर पॅलाटाइन धमनीमुळे. टाळू उथळ असेल तर दातांच्या मानेपासून ती सरासरी ७ मिलिमीटरवर, मध्यम टाळूत १२ वर, खोल टाळूत १७ वर असते. आरशात टाळूचा आकार बघितल्याशिवाय ब्लेड टेकवू नका, आणि सुळ्यामागून पहिल्या दाढेच्या पुढच्या बाजूपर्यंतच राहा. रक्त आलंच तर घाबरून शोषक नळी फिरवत बसू नका. ओली गॉझ, बोटाचा दाब, घड्याळात पाच मिनिटं.

तिसरं वर्ष

प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, त्यामुळे संख्याशास्त्रज्ञाकडे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच जाऊन या. लेखी तीन पेपर. तिसरा वर्णनात्मक आणि विश्लेषणात्मक. प्रात्यक्षिक दोन दिवसांचं: एक मोठी केस, एक छोटी, मोठ्या केसवर परीक्षकांसमोर शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटची तपासणी, तोंडी परीक्षा आणि आठ-दहा मिनिटांचा पाठ. पेशंट परीक्षेच्या दिवशी येईल याची खात्री ही पूर्ण तुमची जबाबदारी. दोन पेशंट तयार ठेवा, दोघांचेही रिपोर्ट ताजे, दोघांच्याही घरच्या एका माणसाचा फोन वहीत. सर्जरीच्या दिवशी सकाळी गाडी चुकली म्हणून एखाद्याचा पेशंट पोचलाच नाही, असं दर वर्षी कुठे ना कुठे होतं.

डिग्रीनंतर

एमडीएसची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत अतिरिक्त अर्हता म्हणून करून घ्या. ब्रिटन किंवा अमेरिकेचा विचार असेल तर आपलं एमडीएस तिथे थेट तज्ज्ञाचा दर्जा देत नाही. ब्रिटनमध्ये आधी नोंदणीची परीक्षा आणि मग जनरल डेंटल कौन्सिलच्या तज्ज्ञ यादीचा वेगळा अर्ज. अमेरिकेत तिथली तीन वर्षांची रेसिडेन्सी.

इथे राहणार असाल तर बहुतेकांची सुरुवात व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून होते: आज डोंबिवली, उद्या कल्याण, स्वतःचं ऑटोक्लेव्ह केलेलं हत्यारांचं किट डिकीत. एक गोष्ट पहिल्याच दिवशी त्या क्लिनिकच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा: फ्लॅप केलेला पेशंट दर तीन महिन्यांनी कोण बोलावणार? सर्जरी आपली आणि देखभाल कुणाचीच नाही, असं झालं की वर्षभरात पॉकेट परत येतं.

मी रिकॉलची, म्हणजे पेशंटला पुन्हा बोलावण्याची, दोनशे पानी वही ठेवते. नाव, शेवटची तारीख, सर्वांत खोल जागा, पुढची तारीख. स्टेज ३-४ ला तीन महिने, स्थिर झाल्यावर सहा. शनिवारी दुपारी क्लिनिक रिकामं असतं तेव्हा मी स्वतः फोन करते. रिसेप्शनिस्टच्या फोनला लोक ‘बघू’ म्हणतात. डॉक्टरने फोन केला आणि ‘काका, वरच्या उजव्या दाढेत मागच्या वेळी ६ होतं, ते बघायचं राहिलंय’ म्हटलं, तर पलीकडून बहुतेक वेळा विचारतात, ‘मंगळवारी चालेल का?’